दार लोटून घे

रविवारी सकाळी दूध घ्यायला खाली उतरले होते, तेव्हा एका माणसाने मला भर दुकानात सुनावलं. वय सत्तरीच्या पुढे, अंगात पांढरा सदरा, आणि उजव्या हाताचा पंजा त्या अंगकाठीला न शोभणारा, चांगला रुंद. दुकानदाराला आणि रांगेतल्या पाच जणांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "हिंमतरावांच्या कन्या ना तुम्ही? भिंतीवरच्या फोटोत पाहिलंय. तुमच्या दाराला आमचा निरोप सांगा. म्हणावं, पुन्हा हात लावणार नाही." मी विचारलं, "आपण कोण?" तर घड्याळात बघून म्हणाला, "साडेसात," आणि पिशवी उचलून चालू लागला. मी दुधाच्या दोन पिशव्या घेतल्या. पुण्यात बावीस वर्षं काढली म्हणजे टोमणे अंगवळणी पडतात, पण टोमण्याला निदान कारण लागतं. माझ्या दाराने या माणसाचं काय घोडं मारलं होतं? दुकानदार सुटे पैसे देत म्हणाला, "दीनानाथ तांबट. कसब्यातले. आयुष्यभर भांड्यांवर ठोके मारून कान गेलेत. जीभ शाबूत आहे." रांगेतल्या बाई हसल्या. मला हसू आलं नाही, कारण दाराचा विषय निघाला की हल्ली माझं डोकं फिरतं. जुलैपासून, म्हणजे त्याला कुलूप बसवल्यापासून, त्या दाराने मला जेवढा वैताग दिलाय तेवढा माझ्या मोडलेल्या लग्नानेही दिला नव्हता.

दर्यापूरला आमच्या घरी दाराच्या तीन अवस्था असायच्या. उघडं, लावलेलं आणि लोटलेलं. उघडं म्हणजे सताड. लावलेलं म्हणजे आतून कडी, ते झोपताना. आणि बाकी सगळा दिवस ते लोटलेलं असायचं, चौकटीत बसलेलं पण कडी नसलेलं. त्याचा अर्थ असा की घरात माणूस आहे, कुत्र्याला मनाई आहे, बाकी कुणीही हात लावावा आणि आत यावं. बाहेर पडणाऱ्याला आई स्वयंपाकघरातून ओरडायची, दार लोटून घे. लावून घे असं ती कधी म्हणाल्याचं मला आठवत नाही. मी सॉफ्टवेअरच्या टेस्टिंगमध्ये आहे. एखादी गोष्ट कुठल्या कुठल्या अवस्थेत असू शकते याच्या याद्या करणं आणि कुणी एखादी अवस्था विसरला असेल तर त्याला धारेवर धरणं हा माझा धंदा. आणि मी स्वतः निवडून, चाळीस जणांचे अभिप्राय वाचून, घरी जे कुलूप आणलं त्याला दोनच अवस्था ठाऊक होत्या. लॉक्ड आणि अनलॉक्ड. हा दोष मला दिसला नाही. दुसऱ्या कुणाच्या कामात असता तर पहिल्या पाच मिनिटांत दिसला असता.

आई गेल्यावर बाबा माझ्याकडे आले. पहिली दोन वर्षं मी घरूनच काम करत होते, त्यामुळे ते दिवसभर दार लोटून बसले तरी मी आतल्या खोलीत असे. या जानेवारीत कंपनीने सगळ्यांना परत हिंजवडीला बोलावलं. सकाळी आठला निघायचं, संध्याकाळी सातला यायचं. एकदा परत आले तर हॉलमध्ये पाण्याची मशीन विकणारी एक बाई बसलेली. ती अडीच वाजता आत आली होती. दोन चहा झाले होते, बाबांनी तिला कपाशीच्या वाणांची सगळी माहिती दिली होती आणि ती बिचारी आता सुटका कशी करून घ्यावी या विवंचनेत होती. मग बिल्डिंगमधून चपला गेल्या, एका मजल्यावरून सायकल गेली, सोसायटीच्या ग्रुपवर रोज उपदेश येऊ लागले. मी बाबांना शंभर वेळा सांगितलं, दार लावून घेत जा. ते शंभर वेळा "हाव" म्हणाले. हे "हाव" मला हळूहळू ओळखू यायला लागलं. त्यात होकार नसायचा, फक्त आवाज असायचा. मला वाटायचं, म्हातारपणीचा हट्ट. तीस वर्षं कापसाच्या जिनिंगमध्ये सुपरवायझर म्हणून दुसऱ्यांना हुकूम सोडले, आता मुलीचं कशाला ऐकतील.

कुलूप बसवायला योगेश नावाचा इंजिनियर आला. त्याने लेझर लावून दार मोजलं आणि डॉक्टरांसारखा चेहरा करून सांगितलं, "मॅडम, फ्रेम थोडी आऊट आहे. बोल्ट अडकू शकतो." मग दीड तास ड्रिलचा आवाज, भुस्सा, चौकटीत नवीन भोक, त्यावर पितळेची पट्टी. शेजारच्या दोन्ही घरांतून माणसं येऊन पाहून गेली. बाबा मात्र ड्रिलपासून दोन हातांवर खुर्ची टाकून शांतपणे पेपर वाचत होते, आणि मी मनात म्हटलं, काय हा अलिप्तपणा. योगेशने बोल्ट आतबाहेर करून दाखवला. घुर्र असा बारीक आवाज, मग टक. आतून हाताने फिरवायला एक गोल खटका, बाहेरून बोटाचा ठसा, आणि कुठूनही फोन. "सगळं रिमोट आहे मॅडम. तुम्ही दुबईला असा नाहीतर दौंडला. ऑटो-लॉक ऑन करू? दार टेकलं की थर्टी सेकंदांत आपोआप लागेल." मी म्हटलं, नको. बाबा कचरा ठेवायला बाहेर गेले आणि मागे दार लागलं तर? ठशाचं त्यांना जमायचं नाही, जिनिंगमध्ये बोटांचे ठसे केव्हाच घासून गेलेत. म्हणून मी ठरवलं, दार मीच लावीन. ऑफिसातून, फोनवर, बघून. तसं मी बाबांच्या समोर उभं राहून नीट सांगितलंसुद्धा, "बाबा, दार उघडं दिसलं तर मी तिकडून लावणार." ते पेपरातून मान वर करून म्हणाले, "हाव, चांगलं बसवलं पोरानं."

तेव्हापासून सुरू झालं. हिंजवडीत माझ्या टेबलावर फोन थरथरायचा. आपलं दार दहा मिनिटांपासून अनलॉक्ड आहे. मी अंगठा दाबायची, लॉक्ड. पंधरा मिनिटांत पुन्हा अनलॉक्ड. पुन्हा अंगठा. एका शहराच्या या टोकाला मी आणि त्या टोकाला सदाशिव पेठेत दुसऱ्या मजल्यावर माझे वडील, मध्ये वीस किलोमीटर, आणि आमची एका बोल्टवरून रस्सीखेच. सर्वांत जास्त जोर दुपारी. पावणेचार वाजले की दार हमखास उघडलं जायचं. चारला माझा लंडनचा कॉल असतो, त्यात फोन वाजून चालत नाही, म्हणून चारच्या ठोक्याला मी न चुकता बोल्ट सरकवून मगच हेडसेट लावायची. कॉल संपवून पाहावं तर पुन्हा अनलॉक्ड. टीममधल्या मुली विचारायच्या, "मॅम, ऑल ओके?" मी म्हणायची, घरी एक युजर आहे, तो सूचना वाचत नाही. त्या हसायच्या. मीही हसायची, पण आतून संताप व्हायचा. ज्या माणसाच्या जिवासाठी हे सगळं केलं, तोच मला रोज आठ वेळा खोटं पाडत होता, आणि संध्याकाळी घरी गेल्यावर त्याबद्दल एक अक्षर बोलत नव्हता. एकदा फक्त म्हणाले, "श्रद्धे, ते दार आपल्या मनानंच लागते का वं?" मी तेव्हा भांडी घासत होते. पाठमोरीच म्हटलं, "मी लावते, सांगितलंय तुम्हाला." ते म्हणाले, "हाव, मशीनच ते."

ऑगस्टपासून बाबा विझत चालले. जेवण निम्म्यावर आलं. पेपर उघडायचे आणि पहिल्याच पानावर तासभर. एका शनिवारी मी अंघोळीला गेले असताना न सांगता बाहेर पडले आणि दोन तासांनी घामाने डबडबून परत आले. विचारलं तर म्हणाले, "कसब्यात गेलतो. सापडलं नाही." मी वैतागून म्हटलं, कसब्यातला गणपती कसा सापडत नाही, रस्त्यावरच्या कुणालाही विचारलं तर नेऊन सोडेल. ते चपला काढत राहिले. आणि मग गणपती झाल्यावर दर्यापूरहून माझ्या भावाचा, नागोरावचा फोन आला. बाबा परत येतो म्हणतात, गुरुवारचं तिकीट काढलंय. मी विचारलं, माझं काय चुकलं? नागोराव म्हणाला, "तसं काही नाही म्हणत ते. पुण्यात कोणी बोलत नाही म्हणतात." हे मला फार लागलं. मी बोलत नाही? सकाळी निघताना, रात्री जेवताना, रविवारी दिवसभर, मीच तर बोलत असते. पंधरा वर्षं हेडसेटमध्ये हळू बोलून माझा आवाज बारीक झालाय हे खरं, पण बोलते. बाबा गेले तर या घरात माझ्याशी बोलणारं काय उरणार, ते कुलूप? मला ते जायला नको होते. इतकं साधं होतं ते, आणि ते सांगायला गेलं की तोंडातून दाराच्या सूचना बाहेर पडायच्या.

दूध घेऊन वर आले. दार अर्थातच लोटलेलं. बाबा खुर्चीत. मी पिशव्या ठेवत विचारलं, "बाबा, दीनानाथ तांबट म्हणून कोणी येतात का आपल्याकडे?" ते म्हणाले, "हाव, ठेव तिथंच." मी म्हटलं, "दुकानात भेटले. दाराबद्दल काहीतरी तिरकं बोलले." ते म्हणाले, "चालते." दोन महिन्यांचं सगळं तेव्हा माझ्या कपाळात चढलं. मी त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले, दाराकडे बोट केलं आणि एकेक शब्द तोडून म्हटलं, "हे दार, लावून, घेत जा. निदान, एवढं, ऐका." माझ्या तोंडाकडे ते फार लक्ष देऊन बघत होते. मग उठले, दारापर्यंत गेले, खटका फिरवला, तो बसला का हे हाताने चाचपून पाहिलं. "बरं," म्हणाले, "गुरुवारपर्यंत लावत जाईन. तुले घोर नको." आणि आतल्या खोलीत गेले. या वेळी "हाव" नव्हतं, "बरं" होतं. मी जिंकले होते. जिंकल्यावर माणसाला बरं वाटतं असं म्हणतात.

मला अजिबात बरं वाटत नव्हतं, म्हणून मी करायचं तेच केलं. अ‍ॅप उघडून नोंदी काढल्या, अगदी कुलूप बसवल्याच्या दिवसापासून. एखाद्याने माझ्यापुढे अशा नोंदी आणल्या असत्या तर मी पहिला प्रश्न विचारला असता, युजर हे का करतोय? दोन महिन्यांत मी हा प्रश्न विचारला नव्हता. पहिला सोमवार. तीन पंचेचाळीस, आतून उघडलं. चार, फोनवरून लावलं. चार वाजून एक मिनिट, बेल. चार दहा, आतून उघडलं. बुधवार तसाच. चार, लावलं. चार एक, बेल. चार नऊ, उघडलं. शुक्रवारी पुन्हा तेच. त्यानंतर बेल नाही. कधीच नाही. पण उघडणं रोज होतं. पावणेचार, सव्वाचार, साडेचार, पाच, मी लावत गेले तितक्या वेळा, थेट सहापर्यंत. बोल्टला घुर्र आवाज होतो, बेलला चिमणीचा. दोन्ही आवाज होत असताना बाबा हॉलमध्येच बसलेले असणार, दारापासून सहा पावलांवर. ड्रिल चालू असताना पेपर वाचत बसले होते तसे. मी सोफ्यावर बसले. 'हाव, ठेव तिथंच.' 'हाव, चांगलं बसवलं.' माझे वडील केव्हापासून ऐकत नव्हते, कोण जाणे. ऐकत नाहीत म्हणून मी तक्रार करत होते, आणि शब्द अगदी बरोबर होता.

ती बेल कुणाची हे कळल्यावर तशीच कसब्यात गेले. तांबट आळीत कुणालाही विचारावं लागलं नाही, त्यांचा आवाज कोपऱ्यापर्यंत येत होता. दीनानाथ उंबऱ्यात बसून एका गिऱ्हाइकाला, ते गिऱ्हाईक आहे म्हणून झापत होते. मागे रविवार असूनही कुणीतरी तांब्याच्या पत्र्यावर ठोकत होतं. मला पाहिल्यावर त्यांनी चष्मा वर केला. "या. आमच्याकडे दार नुसतं असतं. लावत नाही." मी म्हटलं, "काका, चूक माझी होती." ते म्हणाले, "हं?" मी जरा मोठ्याने म्हटलं. "हं?" मग मी ओरडले. आयुष्यात कधी ओरडले नसेन अशी, भर आळीत, ठोक्यांच्या वर आवाज काढून. "दार मी लावत होते! ऑफिसातून! फोनवरून! बाबांना माहीतच नाही!" ठोके थांबले. समोरच्या गॅलरीत दोन बायका आल्या. दीनानाथांनी आपला उजवा पंजा माझ्यापुढे धरला. "मला ऐकू येत नाही, पण हाताला कळतं. पन्नास वर्षं याच हाताने पत्रा पाहिलाय. मी दाराला हात टेकवला, आणि हाताखाली आतून कुणीतरी कुलूप सरकवलं. एकदा म्हटलं, योगायोग असेल. दुसऱ्यांदा गप्प बसलो. तिसऱ्यांदा तोंडावर दार लावल्यावर काय, येऊ नका म्हणून पत्रिका यायची वाट बघायची? बेल दर वेळी एकदाच वाजवली. दोनदा वाजवायची आम्हाला सवय नाही." मी ओरडले, "त्यांना बेल ऐकू येत नाही!" ते म्हणाले, "ते मला सांगता? आमची ओळखच कानाच्या डॉक्टरकडची. तुमच्या गल्लीत. फेब्रुवारीत. माझा सात नंबर, त्यांचा आठ. नावं पुकारली तर दोघंही उठलो नाही, तेव्हा हसलो."

मी विचारलं, मला का नाही सांगितलं त्यांनी? हेही दोनदा ओरडावं लागलं. दीनानाथ म्हणाले, "तुम्हाला कळलं की तुम्ही कानाला मशीन बसवाल, म्हणाले. रिमोटवालं." गॅलरीतली एक बाई हसली. मी नाही म्हणू शकले नाही, कारण खरोखर बसवलं असतं. चाळीस अभिप्राय वाचून. "माझं बोलणं त्यांना ऐकू यायचं," दीनानाथ म्हणाले, "कारण मी असा बोलतो. त्यांचं मला, कारण जिनिंगच्या यंत्रावरून हाका मारायची सवय. एक दिवसाआड चारला जायचं, चहा व्हायचा, सहाला उठायचं. फोनचा दोघांनाही उपयोग नाही." मी माझा फोन पुढे करून नोंदी दाखवल्या. चार नऊ, उघडलं. सव्वाचार. साडेचार. तुम्ही यायचे थांबलात त्या दिवसापासून काल-परवापर्यंत. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला आणि बराच वेळ पडदा बघत राहिले, अंगठ्याने तो कसा सरकवायचा ते मी दाखवलं. मग फोन परत दिला. "गुरुवारी ते गावाला जाताहेत," मी ओरडले, "कायमचे! उद्या याल का?" ते म्हणाले, "येईन असं म्हणत नाही. आणि त्यांना सांगू नका. सांगितलंत आणि माझा गुडघा अडला, तर बसतील दाराकडे बघत. तेवढं पुरे झालं त्यांना." एवढं म्हणून ते मागे वळून ओरडले, "ठोका रे, का थांबलात?"

सोमवारी साडेतीनपासून माझं कामात लक्ष नव्हतं. पावणेचार झाले. फोन थरथरला नाही. मी अ‍ॅप उघडलं. लॉक्ड. सकाळी मी निघाल्यावर आतून खटका फिरवल्याची नोंद, आणि त्यानंतर काहीच नाही. तीन पन्नास, लॉक्ड. तीन पंचावन्न, लॉक्ड. दोन महिने ज्यासाठी भांडले ते आज झालं होतं. माझ्या वडिलांनी माझं ऐकलं होतं. दार लावून आत बसले होते, आणि कदाचित या क्षणी कसब्यातून निघालेला एक माणूस दुखरा गुडघा घेऊन आमचे दोन जिने चढत होता. किंवा चढत नव्हता. मी बाबांना फोन लावला. वाजत राहिला, वाजत राहिला, तो नेहमीच असा वाजत राहतो आणि मी नेहमीच चिडते. समोर लंडनची माणसं एकेक करून पडद्यावर यायला लागली. तीन एकोणसाठ. माझा अंगठा त्या गोल खुणेवर होता. आजवर तो मी फक्त एकाच बाजूला सरकवला होता. बरोबर चारला मी तो उलटा सरकवला. अनलॉक्ड. तिकडे चौकटीतला बोल्ट मागे गेला असणार. दार होतं तिथेच, पण आता लोटलेलं.

कॉल सुरू झाला. कुणीतरी मागच्या आठवड्याचे दोष वाचून दाखवत होतं. चार वाजून एक मिनिट, काही नाही. चार दोन, काही नाही, बेलही नाही. चार तीनला पडद्यावर आलं, डोअर ओपन. लगेच खाली, डोअर क्लोज्ड. आत येऊन दार पुन्हा टेकवायला माणसाला जेवढा वेळ लागतो तेवढाच. बाबांनीच बाहेर डोकावून पाहिलं असेल, असं मी स्वतःला बजावलं. टेस्टिंगवाल्या माणसाने लगेच आनंद मानू नये. पंचवीस मिनिटं मी स्वतःला तसं बजावत राहिले, आणि मग फोन वाजला. बाबा. ऑफिसच्या वेळात त्यांनी मला कधी फोन केलेला नाही. मी कॉलमधून उठून जिन्यात गेले.

"श्रद्धे," ते ओरडत होते, जिनिंगमध्ये ओरडायचे तसे, आणि मागे आणखी एक आवाज साखर किती म्हणून विचारत होता. "ते गुरुवारचं तिकीट वापस होते का? नागोरावले तूच सांग. नाही, आता बोलू नको. फोनवर मले ऐकू नाही येत. बरेच दिवसांपासून नाही येत. घरी आल्यावर सांग, जोरानं." आणि फोन बंद.

मी परत जागेवर आले. पडद्यावर कुणीतरी माझं नाव घेऊन विचारत होतं, मी आहे का. "आहे," मी म्हटलं, आणि ते इतकं मोठ्याने आलं की मजल्यावरच्या चार माणसांनी वळून पाहिलं. हातातला फोन पुन्हा थरथरला. आपलं दार अनलॉक्ड आहे, लॉक करायचं का. मी 'नाही'वर अंगठा दाबला. दहा मिनिटांनी ते पुन्हा विचारणार होतं.